मेनमधलं एक घर आणि महिन्याला दहा हजार सह्या

२० सप्टेंबर २०१० ला बातमी आली की जीएमएसी मॉर्गेज या अमेरिकेतल्या बड्या गृहकर्ज कंपनीने २३ राज्यांत थकबाकीदारांना घराबाहेर काढणं आणि जप्त घरं विकणं थांबवलं आहे. नऊ दिवसांनी जेपी मॉर्गन चेसने ५६ हजार प्रकरणं बाजूला ठेवली. १ ऑक्टोबरला बँक ऑफ अमेरिका त्याच वाटेने गेली आणि ८ तारखेला तिने पन्नासही राज्यांतली जप्त घरांची विक्री थांबवली. त्या एका वर्षात अमेरिकेतल्या बँकांनी दहा लाखांहून जास्त घरं ताब्यात घेतली होती, तेव्हा त्यांना अचानक कर्जदारांचा कळवळा आला असं समजायचं कारण नाही. कोर्टात आपणच दाखल केलेली प्रतिज्ञापत्रं टिकतील की नाही, याची खात्री त्यांना उरली नव्हती.

ही खात्री जिथे ढळली ते प्रकरण मेन राज्यातल्या डेन्मार्क नावाच्या खेड्यातलं. अमेरिकेच्या अगदी ईशान्य कोपऱ्यातला हा भाग. तिथे एका बाईने २००३ मध्ये ७५ हजार डॉलरला घर घेतलं होतं. पुढे नोकरी गेली आणि पाचशे डॉलरच्याही आतला हप्ता भरणं जमेना. घरांचे भाव आभाळाला भिडलेले असताना ऐपतीबाहेर उडी मारणाऱ्यांची ही गोष्ट नव्हे. साधं घर, छोटं कर्ज, आणि हप्ते थकलेले. ते थकले होते हे कुणी कधी नाकारलं नाही. हा मुद्दा लक्षात ठेवायचा, कारण बँकांचा सगळा बचाव पुढे याच एका वाक्यावर उभा राहिला.

२००९ मध्ये ब्रिजटनच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल झाला. वादी होती फॅनी मे, म्हणजे बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी महाकाय संस्था. हप्ते गोळा करणं, नोटिसा पाठवणं आणि वेळ आली तर जप्ती करणं हे काम तिच्या वतीने जीएमएसी बघत होती. अशा कंपनीला तिकडे सर्व्हिसर म्हणतात. फॅनी मे सप्टेंबर २००८ पासून केंद्र सरकारच्या ताब्यात होती, आणि जीएमएसीच्या मूळ कंपनीत अमेरिकी अर्थखात्याची मालकी ५६ टक्के होती. म्हणजे दाव्याच्या एका बाजूला दोन्हीकडून करदात्यांच्या पैशावर तगलेल्या संस्था होत्या, आणि दुसऱ्या बाजूला बेकार झालेली बाई.

मेनसारख्या राज्यांत घर जप्त करायचं तर बँकेला न्यायाधीशापुढे जावं लागतं. पण प्रत्येक प्रकरणात साक्षीदार उभे करून सुनावणी घेतली तर कोर्टं बुडतील, म्हणून समरी जजमेंटची सोय असते. वादाचा खरा मुद्दाच शिल्लक नसेल तर न्यायाधीश कागद बघून निकाल देतो. तिथे साक्षीदाराची जागा प्रतिज्ञापत्र घेतं. बँकेचा अधिकारी शपथेवर लिहून देतो की मी हे खातं स्वतः तपासलं आहे, मला याची वैयक्तिक माहिती आहे, एवढी रक्कम येणं आहे, सोबत जोडलेली कागदपत्रं खरी आहेत. न्यायाधीश त्या माणसाला कधी बघत नाही. त्या कागदावर विसंबून तो एका कुटुंबाचं घर काढून घेण्याचा हुकूम देतो.

डेन्मार्कच्या प्रकरणातही जानेवारी २०१० मध्ये कोर्टाने असाच निकाल बऱ्याच अंशी फॅनी मेच्या बाजूने दिला. येणं किती, एवढाच प्रश्न उरला. बहुतेक दावे याच्या कितीतरी आधी संपतात, कारण कर्जदार कोर्टात येतच नाही. हप्ता थकलेल्या माणसाकडे वकिलाची फी कुठून येणार? आणि आपण पैसे भरलेले नाहीत, मग बोलायचं काय, ही लाज असतेच.

या बाईच्या मागे मात्र थॉमस कॉक्स नावाचा वकील उभा राहिला. पोर्टलंडच्या पाइन ट्री लीगल असिस्टन्स या मोफत कायदेमदत संस्थेत तो विनामोबदला काम करत होता. त्याआधीची त्याची वकिली बँकांसाठी होती. कर्जवसुली आणि जप्तीच्या फायली त्याने बँकेच्या बाजूने हाताळलेल्या होत्या. त्यामुळे असं प्रतिज्ञापत्र करायला खरोखर किती वेळ लागतो हे त्याला माहीत होतं. बँकेच्या अधिकाऱ्याने करारपत्र काढायचं, खातेउतारा काढायचा, व्याज तपासायचं आणि मग सही करायची. जीएमएसीच्या कागदावर ज्याची सही होती त्याचं पद होतं ‘मर्यादित सही अधिकारी’. पदाचं हे नाव वाचून माझ्याही मनात आधी हाच प्रश्न आला की बाकीच्या वेळात हा माणूस काय करत असेल. कॉक्सने त्याची शपथेवर जबानी घ्यायचं ठरवलं.

७ जून २०१० ला ती जबानी झाली. पेन्सिल्व्हेनियातल्या कार्यालयात तेरा-चौदा जणांच्या गटाचा प्रमुख असलेल्या या कर्मचाऱ्याने सरळ सांगून टाकलं की तो महिन्याला आठ ते दहा हजार कागदांवर सह्या करतो. प्रतिज्ञापत्र सगळं वाचत नाही. सोबतची कागदपत्रं जोडली आहेत की नाही हेही बघत नाही. सही नोटरीसमोर होत नाही. सह्या झालेले गठ्ठे नंतर नोटरीकडे जातात.

हिशेब करून बघा. महिन्याचे बावीस दिवस, रोजचे आठ तास, मध्ये चहा नाही की फोन नाही. तरी दर कागदाला मिनिटभरच येतं. त्या मिनिटात ‘मी हे खातं स्वतः तपासलं आहे’ हे वाक्य खरं असू शकत नाही. या कर्मचाऱ्याने काही लपवलं नाही, हे मला या जबानीत सगळ्यांत अस्वस्थ करणारं वाटतं. त्याला वाटत होतं की तो आपलं काम करतो आहे, आणि एका अर्थी ते खरंही होतं. कंपनीने त्याला नेमलं होतं ते सह्यांसाठी, तपासणीसाठी नव्हे.

बँकांचं उत्तर ठरलेलं होतं. ही तांत्रिक चूक आहे, आकडे बरोबर आहेत, कर्जदाराने पैसे भरलेले नाहीत, मग सही कशी झाली याने काय फरक पडतो? वरवर पाहता हे पटण्यासारखं आहे. पण आकडे बरोबर आहेत हे कोर्टाला कळणार कुठून? ते सांगणारा एकच कागद कोर्टापुढे होता, आणि तो कुणी वाचलेलाच नव्हता. आकडे बरोबर असलेच तर तो योगायोग, त्या शपथेचं त्यात काही श्रेय नाही. शिवाय बँकेची बाजू एवढी भक्कम होती तर कागद वाचून सही करायला अडचण काय होती? अडचण पैशांची होती. वाचणारी माणसं नेमावी लागली असती.

कॉक्सला आणखी एक गोष्ट सापडली, आणि माझ्या मते हे प्रकरण तिनेच फिरवलं. २००६ मध्ये फ्लोरिडातल्या एका कोर्टाने याच जीएमएसीला याच कारणासाठी फटकारलं होतं. प्रतिज्ञापत्र करणाऱ्याला वैयक्तिक माहिती नसते आणि सही नोटरीसमोर होत नाही, हे तेव्हाच उघड झालं होतं. कंपनीने मग कर्मचाऱ्यांसाठी लेखी सूचनाही काढल्या. आणि चार वर्षांनी पेन्सिल्व्हेनियात सह्यांचे गठ्ठे तसेच निघत होते. म्हणजे ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय उरली नाही.

ब्रिजटनचे न्यायाधीश कीथ पॉवर्स यांनी २४ सप्टेंबर २०१० ला आधीचा निकाल रद्द केला. हे प्रतिज्ञापत्र दुष्ट हेतूने दिलेलं आहे असं ठरवून कर्जदाराच्या वकिलाचा खर्च भरायला लावला. जप्त्या थांबवल्याची बातमी याच्या चार दिवस आधीच आली होती. जबानीची प्रत तोवर देशभरातल्या वकिलांच्या हातात पोचली होती, आणि मेनमधल्या एका घराच्या निकालाची वाट बघत बसण्यात कंपनीला अर्थ दिसला नसावा.

पहिल्या फटक्यात २३ राज्यंच का, हे समजून घेण्यासारखं आहे. या राज्यांत जप्तीला कोर्टाची पायरी चढावी लागते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत बहुतेक जप्त्या कोर्टाबाहेर होतात. नोटिसा द्यायच्या, मुदत संपू द्यायची आणि लिलाव करायचा. तिथे न्यायाधीशापुढे प्रतिज्ञापत्रच जात नाही, त्यामुळे खोटं प्रतिज्ञापत्र पकडलं जायचाही प्रश्न नाही. फायली ढिसाळ नव्हत्या असं मात्र यावरून ठरत नाही. आपल्याकडचा २००२ चा सरफेसी कायदा याच दुसऱ्या जातीचा. ६० दिवसांची नोटीस बँकच देते, ताब्याची कारवाईही बँकेचाच अधिकारी सुरू करतो, आणि कर्जदाराला दाद मागायची तर त्याने स्वतः ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जायचं. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची मदत हवी असेल तर बँकेच्या अधिकाऱ्याला प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पण त्या टप्प्यावर कर्जदाराला त्या अधिकाऱ्याची उलटतपासणी घेता येत नाही.

सह्यांचा हा कारखाना उभा कसा राहिला, ते थोडक्यात. पूर्वी कर्ज देणारी बँकच ते शेवटपर्यंत सांभाळायची. नव्वदीनंतर कर्जं गोळा करून, त्यांचे रोखे बनवून ते जगभर विकायचा धंदा फोफावला. एकच कर्ज कागदोपत्री चार-पाच हातांतून जाई. दर वेळी काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, नोंदणी कार्यालयात बदल नोंदवायचा म्हणजे फी आणि वेळ, म्हणून कर्ज उद्योगाने मर्स नावाची स्वतःची खासगी संगणकीय नोंदवही उघडली. गहाण कागदोपत्री मर्सच्या नावावर, आतले मालक परस्पर बदलत राहणार. दुय्यम निबंधकाकडे न जाता बिल्डरांच्या संघटनेने आपल्या कपाटात स्वतःच इंडेक्स टू ठेवावा, तशातला प्रकार. तेजी होती तोवर कुणाला काही खुपलं नाही. हप्ते थकू लागले आणि कोर्टाने विचारलं की या घराचा सावकार नेमका कोण, तेव्हा मधले कागदच नव्हते. मग ते बनवले गेले.

बनवणाऱ्यांत जॉर्जिया राज्यातली डॉकएक्स ही कंपनी सगळ्यांत निर्लज्ज. तिथल्या एका कर्मचारी बाईचं नाव लहान आणि लिहायला सोपं होतं, म्हणून तिच्या नावाने अनेक जण सह्या ठोकत. प्रत्येकाचं वळण वेगळं, आणि ती बाई कागदोपत्री एकाच वेळी कितीतरी बँकांची उपाध्यक्ष. काही कागदांत सावकाराच्या नावाच्या जागी ‘बोगस असायनी’, म्हणजे खोटा हक्कदार, असंच छापलेलं राहिलं. खरं नाव नंतर भरायचं म्हणून टाकलेले शब्द भरायचे राहून गेले आणि कागद तसाच सरकारी नोंदणीत गेला. नोंदणी कार्यालयातही तो कुणी वाचला नाही, हे आलंच.

वकिलांचेही कारखाने होते. फ्लोरिडात डेव्हिड स्टर्न यांच्या फर्ममधून वर्षाला हजारो जप्तीचे दावे निघत. कामाचे पैसे दर फायलीमागे ठरलेले आणि कामाचं मोजमाप किती दिवसांत निकाल आणला यावर. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने तुंबलेल्या दाव्यांसाठी निवृत्त न्यायाधीश बसवायला ९६ लाख डॉलर मंजूर केले. ली काउंटीतल्या कोर्टाला लोक ‘रॉकेट डॉकेट’ म्हणू लागले, म्हणजे रॉकेटच्या वेगाने दावे निकालात काढणारं कोर्ट. स्टर्न यांची फर्म २०११ मध्ये बंद पडली आणि २०१४ मध्ये त्यांची सनद गेली.

‘आकडे तर बरोबरच आहेत’ म्हणणाऱ्यांना फ्लोरिडातल्या दोन घरांचं काय करायचं हे सांगता येत नव्हतं. फोर्ट लॉडरडेलमधल्या एका माणसाने रोख पैसे मोजून घर घेतलं होतं. त्याच्यावर गृहकर्ज नव्हतंच, तरी ते घर बँक ऑफ अमेरिकेच्या दाव्यात परस्पर विकलं गेलं. नेपल्स भागातल्या एका दांपत्यावर याच बँकेने जप्तीचा दावा लावला. त्यांनीही घर रोखीने घेतलेलं. दावा फेटाळला गेला आणि वकिलाचा खर्च बँकेने द्यावा असं कोर्टाने ठरवलं. बँकेने महिनोन्महिने तो दिला नाही. शेवटी जून २०११ मध्ये त्यांचा वकील कोर्टाचा हुकूम आणि शेरीफची माणसं घेऊन बँकेच्या शाखेवर गेला, फर्निचर आणि गल्ल्यातली रोकड उचलायला. तासाभरात धनादेश मिळाला.

ऑक्टोबर २०१० मध्ये बँकांच्या खऱ्या वर्मावर बोट ठेवलं ते विमा कंपनीने. अमेरिकेत घर घेताना मालकीहक्काचा विमा काढतात, आणि तो नसेल तर पुढच्या खरेदीदाराला कर्ज मिळणं अवघड. ओल्ड रिपब्लिक या कंपनीने जीएमएसी आणि चेसने जप्त केलेल्या घरांचा असा विमा उतरवणं थांबवलं. जप्ती चुकीची ठरून जुना मालक परत आला तर भरपाई आपल्या गळ्यात येईल, हा तिचा साधा हिशेब. जप्त केलेलं घर विकताच येणार नसेल तर जप्त करून उपयोग काय? न्यायाधीशांच्या ताशेऱ्यांपेक्षा ही भाषा बँकांना लवकर समजते.

वॉशिंग्टनमध्ये धावपळ झाली, पण जपून. दुसऱ्या राज्यातल्या नोटरीचे, अगदी संगणकावरून केलेले शिक्केही सगळ्या कोर्टांनी मान्य करावेत असं विधेयक काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, फारशी चर्चा न करता मंजूर करून ठेवलं होतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यावर सही करायला नकार दिला. देशभर जप्तीबंदी लावा ही मागणी मात्र त्यांच्या सरकारने मानली नाही. घरबाजार आणखी गारठेल, हे कारण. सगळ्या ५० राज्यांच्या महाधिवक्त्यांनी १३ ऑक्टोबरला एकत्र चौकशी जाहीर केली.

आणि बँका? बँक ऑफ अमेरिकेने १८ ऑक्टोबरला जाहीर केलं की २३ राज्यांतल्या १ लाख २ हजार प्रकरणांची प्रतिज्ञापत्रं नव्याने दाखल करून काम पुन्हा सुरू करू. पन्नास राज्यांतली ती थोर विश्रांती दहा दिवसांतच मोडायला निघाली. त्यानंतर आठवडाभरातच बँकेने मान्य केलं की पहिल्या काही शे फायलींत दहा ते पंचवीस चुका सापडल्या. आमच्याकडे सगळं ठीक आहे असं सांगत आलेल्या वेल्स फार्गो बँकेने महिनाअखेरीस ५५ हजार प्रतिज्ञापत्रं पुन्हा दाखल करायचं ठरवलं.

न्यूयॉर्कचे मुख्य न्यायाधीश जोनाथन लिपमन यांनी केलेला उपाय मला या सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. २० ऑक्टोबरपासून त्यांनी बँकेच्या वकिलालाच लिहून द्यायला लावलं की मी बँकेच्या माणसाशी बोललो आहे आणि कागद तपासलेले आहेत. ते खोटं ठरलं तर सनदीवर गदा येणार. नवीन जप्ती दाव्यांचा ओघ तिथे लगेच आटला. कर्जं तीच होती आणि थकबाकीही तीच.

पुढचं सगळं पैशांत मिटलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये पाच मोठ्या सर्व्हिसरांनी ४९ राज्यं आणि केंद्राशी २५ अब्ज डॉलरचा समझोता केला. त्यातला मोठा भाग कर्जसवलतींच्या रूपात. घर गेलेल्यांच्या हातात पडले साधारण १,४८० डॉलर. नियामकांनी फायलींची स्वतंत्र तपासणी लावली होती, ती जानेवारी २०१३ मध्ये अर्धवट गुंडाळली. तोवर तपासणाऱ्या सल्लागारांची फी दोन अब्ज डॉलरच्या घरात गेली होती. भरपाईचे पहिले धनादेश एप्रिलमध्ये निघाले, आणि त्यातले काही वटलेच नाहीत. डॉकएक्सच्या प्रमुख बाईला पाच वर्षांची कैद झाली. मोठ्या बँकेतला वरच्या पायरीवरचा कुणी या सह्यांसाठी तुरुंगात गेला नाही.

डेन्मार्कचं प्रकरण मेनच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि तिथे डिसेंबर २०११ मध्ये निकाल लागला. जीएमएसीला बेअदबीची शिक्षा करावी अशी कॉक्सची मागणी होती. न्यायालयाने त्या प्रतिज्ञापत्राला निंद्य प्रथेचं अस्वस्थ करणारं उदाहरण म्हटलं, असली कागदपत्रं कोर्टात देणं नैतिकदृष्ट्या असमर्थनीय ठरवलं, आणि तरीही खालच्या कोर्टाचा निकाल कायम ठेवला. शिक्षा वकिलाच्या खर्चापुरतीच राहिली.

जीएमएसीची गृहकर्ज शाखा मे २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिचं सर्व्हिसिंगचं काम ज्यांनी विकत घेतलं त्यांतली मुख्य कंपनी ऑकवेन. तिचे निम्म्याहून जास्त कर्मचारी भारतात, बेंगळुरू, मुंबई आणि पुण्याच्या कार्यालयांतून, अमेरिकी गृहकर्जांची खाती सांभाळत. डिसेंबर २०१३ मध्ये केंद्रीय ग्राहक वित्त संरक्षण विभाग आणि ४९ राज्यांशी ऑकवेनने दोन अब्ज डॉलरहून मोठा समझोता केला. तक्रारीत इतर आरोपांबरोबर हाही होता: जप्तीसाठी कोर्टात दिलेली खोटी, न वाचता सही केलेली प्रतिज्ञापत्रं.